पंख्याखालची जीन्स

आज सहावीचे विज्ञानाचे पेपर तपासत होते. प्रश्न नेहमीचाच, पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत? बहुतेकांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं: 'हवेत बाष्पाचे प्रमाण जास्त असल्याने बाष्पीभवन मंद होते.' गाईडचीच कृपा, दुसरं काय!

एकाने मात्र लिहिलं होतं, 'आमच्याकडे वाळतात. आई रात्रभर पंखा लावते. फक्त जीन्सची कंबर ओली राहते.'

नमुना उत्तराप्रमाणे शून्य. लाल पेन तसंच हातात राहिलं. मधल्या सुट्टीत त्याला गाठलं. "पंखा काय करतो रे?"

"कपड्याजवळची ओली हवा ढकलतो, मग कोरडी येते."

"आणि कंबर?"

"तिथे कापड दुमडून शिवलेलं असतं ना बाई, आतपर्यंत वारा जात नाही."

दोनपैकी दोन दिले. वर्गात मग सहज विचारलं, बाष्प म्हणजे काय? पूर्ण गुणवाले सगळे वहीत डोकं घालून बसले. दोष त्यांचा नाही म्हणा, असले पेपर वर्षानुवर्षं मीच काढतेय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात घोकंपट्टी नको असं छापलंय, प्रशिक्षणात आम्ही तेही घोकून आलो.

घरी आल्यावर दोरीवरची लेकाची जीन्स चाचपली. कंबर ओलीच.