मिल्क रोडवर दोन जुन्या चारशे सीसी

जपानच्या क्यूशू बेटावर, होंडाचा दुचाकी कारखाना असलेल्या ओझू गावातून आसो ज्वालामुखीच्या उत्तर कड्याकडे मिल्क रोड चढत जातो. या रस्त्यासाठी एका जपानी स्नेह्याने आपल्या दोन्ही जुन्या गाड्या बाहेर काढल्या होत्या: १९७४च्या अखेरीस बाजारात आलेली होंडा सीबी ४०० फोर आणि १९७९ची कावासाकी झेड ४०० एफएक्स. जपानी चालक त्यांना लाडाने ‘योनफोर’ आणि ‘फेक्स’ म्हणतात.

चढावर आधी होंडा माझ्याकडे होती. तिचे इंजिन ४०८ सीसीचे असले तरी ते चार सिलिंडरमध्ये विभागलेले, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम १०२ सीसी, जवळपास आपल्या यामाहा आरएक्स १०० एवढेच. त्यामुळे कमी आरपीएमला तिला ओढ नाही. चढावर सतत एक-दोन गिअर खाली यावे लागते, आणि सहा गिअर कशासाठी दिले आहेत ते तेव्हा नीट उमगते. काटा सहा हजारांपलीकडे गेला, की मात्र हीच गाडी अंगात आल्यासारखी धावू लागते. इंजिनासमोरून निघून उजवीकडे एकत्र झुकणारे आणि एकाच सायलेन्सरमध्ये मिळणारे तिचे चार पाइप मी कड्यावरच्या दाइकान्बो या निरीक्षणस्थळी गाडी लावून बराच वेळ न्याहाळले. इतकी देखणी वळणे मी दुसऱ्या कोणत्याही गाडीवर पाहिलेली नाहीत.

या गाडीवर काळाने अन्याय केला, असे मला मनापासून वाटते. १९७५मध्ये जपानने परवान्याचे नियम बदलले आणि मध्यम आकाराच्या दुचाकींच्या परवान्याची मर्यादा ४०० सीसीवर आणली; अवघ्या आठ सीसीमुळे होंडा त्याबाहेर पडली. पुढच्या वर्षी पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वर-खाली सरकण्याचे अंतर, कमी करून ३९८ सीसीची आवृत्ती काढण्यात आली, पण १९७७मध्ये उत्पादनच थांबले.

ती पोकळी दोन वर्षांनी एफएक्सने भरून काढली. दोन कॅमशाफ्ट, ३९९ सीसी, ४३ अश्वशक्ती, चौकोनी टाकी, अलॉय चाके आणि मागेही डिस्क ब्रेक. यामानामी महामार्गावर सेनोमोतोच्या पुढे, दुतर्फा गवताळ कुरणे असलेल्या लांब वळणांवर, ती जमिनीला जणू चिकटून चालते. वारा आडवा आला तरी हँडल हलत नाही. दिवसभराच्या प्रवासासाठी दोघींतली सरस गाडी हीच, याबद्दल मला शंका नाही.

तरीही सुमारे १,३३० मीटर उंचीच्या माकिनोतो खिंडीतून उतरताना मी पुन्हा होंडाच मागून घेतली. तिचा मागचा ड्रम ब्रेक उतारावर बेताचाच लागतो, म्हणून वळण येण्याआधीच गिअर उतरवून इंजिनाच्या जोरावर वेग आवरावा लागतो. प्रत्येक वळण असे आधी ओळखून घ्यायला लावणारी गाडी मला अधिक प्रिय आहे.