मिस लीआंचा हिरवा गंबो

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सला येणारे पर्यटक बहुतेक फ्रेंच क्वार्टर या जुन्या भागातच रमतात. मला ओढ होती ती ट्रेमे या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीची, आणि तीही गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी. लीआ चेझ यांनी नावारूपाला आणलेल्या ‘डूकी चेझ’ या रेस्टॉरंटमध्ये हिरवा गंबो, म्हणजे पालेभाज्या आणि मांसाचा दाट रस्सा, वर्षातून त्या एकाच गुरुवारी शिजतो. टेबल आधीच सांगून ठेवावं लागतं, ते ठेवलं होतं.

क्वार्टरमधून ऑर्लीन्स ॲव्हेन्यूने चालत निघालं की आर्मस्ट्राँग पार्क मागे पडतं आणि क्लेबोर्न ॲव्हेन्यूवरचा उंच महामार्ग डोक्यावर येतो. इथे एकेकाळी ओकच्या झाडांची दुहेरी रांग होती. त्या सावलीत या वस्तीचे बाजार भरत, मिरवणुका निघत. १९६०च्या दशकात झाडं तोडून पूल बांधला. आता त्याच्या खांबांवर ओकची झाडं रंगवलेली आहेत. ती पाहून पोटात तुटतं. पुलापलीकडे थोडं चाललं की कोपऱ्यावर डूकी चेझ.

हे रेस्टॉरंट १९४१ साली लीआ चेझ यांच्या सासूसासऱ्यांनी सुरू केलं. लीआ १९४६ मध्ये लग्न होऊन या घरात आल्या. त्याआधी त्यांनी फ्रेंच क्वार्टरमध्ये गोऱ्यांच्या रेस्टॉरंटात वाढपाचं काम केलं होतं. शुभ्र टेबलक्लॉथ, नीट मांडलेले काटेचमचे, निवांत चाललेलं जेवण हे सगळं त्यांनी तिथे पाहिलं, आणि आपल्या कृष्णवर्णीय माणसांनाही अगदी असंच जेवायला मिळायला हवं, हे मनाशी पक्कं केलं. सुरुवातीला त्यांनी लॉब्स्टर थर्मिडॉर हा फ्रेंच पदार्थ करून पाहिला, पण तो गिऱ्हाइकांना रुचला नाही. मग त्यांनी घरचंच क्रिओल, म्हणजे न्यू ऑर्लीन्सच्या मिश्र वळणाचं, जेवण त्या शुभ्र टेबलांवर आणलं: गंबो, तळलेलं चिकन, लाल राजमा-भात. मला यातच त्यांचं मोठेपण दिसतं. मान देण्यासाठी पदार्थ परका असावा लागत नाही, हे त्यांनी रोज वाढून दाखवलं.

त्या काळात लुइझियानात गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका टेबलावर बसून जेवणं बेकायदा होतं. तरी इथे वरच्या मजल्यावर दोघेही बसत. मार्टिन ल्यूथर किंग आले, नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल आले, बसप्रवासातला वर्णभेद मोडायला निघालेले फ्रीडम रायडर्स आले. समान हक्कांच्या पुढच्या लढ्याची आखणी व्हायची आणि खालून गंबोची भांडी वर जायची. रेस्टॉरंटवर बॉम्ब फेकला गेला, तरी चूल विझली नाही. शुक्रवारी कामगार पगाराचे चेक इथेच वटवायचे, कारण बँकांची दारं त्यांना उघडी नव्हती.

आता गंबोविषयी. आपल्याकडची ऋषिपंचमीची भाजी आठवा, म्हणजे अर्धी कल्पना येईल. मोहरीचा पाला, कोलार्ड (कोबीच्या जातीचा पाला), सलगमचा पाला, बिटाची पानं, पालक, कोबी अशा नऊ भाज्या यात पडतात. संख्या विषमच हवी, आणि जितक्या भाज्या तितके नवे मित्र वर्षभरात जोडले जातात असं मानतात. पाला उकडून बारीक वाटतात. तिखट सॉसेजच्या चरबीत पीठ भाजून त्यात तो घालतात, मग सॉसेज, हॅम, चिकन, बीफ. माझ्या पुढ्यात आलेला वाडगा जवळजवळ काळपट हिरवा होता. कडेला तेलाचा नारिंगी तवंग, खाली भात. पहिल्या घासाला पाल्याचा किंचित कडवटपणा, मग धुराचा वास, आणि तिखट अगदी शेवटी घशाशी. शेजारच्या टेबलावरच्या आजी मला म्हणाल्या, “सावकाश खा, हा घाईचा पदार्थ नाही.” त्या लहानपणापासून इथे येत होत्या. लीआंचा उल्लेख त्या ‘मिस लीआ’ असाच करत होत्या.

२००५ मध्ये कतरिना चक्रीवादळाच्या पुरात हे सगळं पाण्याखाली गेलं. लीआ तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या. नातवाने भिंतींवरची चित्रं वेळीच हलवली म्हणून ती वाचली. कृष्णवर्णीय चित्रकारांना फारशी कोणी भिंत देत नव्हतं, तेव्हापासून लीआ त्यांची चित्रं जमवत होत्या. नवरा-बायको रस्त्यापलीकडे सरकारी ट्रेलरमध्ये राहिले आणि २००७ मध्ये दारं पुन्हा उघडली. नंतर बराक ओबामा जेवायला आले, तेव्हा चव घेण्याआधीच त्यांनी गंबोत हॉट सॉस ओतला, म्हणून लीआंनी त्यांनाही दटावलं होतं.

१ जून २०१९ रोजी, ९६व्या वर्षी त्या गेल्या. स्वयंपाकघर आता नातवंडं सांभाळतात. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने लीआंचं एक चित्र घेतलं आहे. त्यात त्या स्वयंपाकघरात मान खाली घालून भोपळा चिरताना दिसतात. पुढच्या वेळी वॉशिंग्टनला गेले की सगळ्यात आधी ते पाहणार आहे.