पाणकावळा आणि माझा आवाज

माझा आवाज लहानपणापासून भसाडा. प्रार्थनेत मी तोंड उघडलं की पोट्टे हसायचे, म्हणून मी नुसते ओठ हलवायचो. आठवीला मराठी शिकवणाऱ्या बाईंच्या हे लक्षात आलं असावं. एका शनिवारी त्यांनी आमचा वर्ग मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, पारीवर (बांधावर) नेला आणि समोर खुंटावर पंख पसरून बसलेल्या पाणकावळ्याची गोष्ट सांगितली.

तो म्हणे बदकांत वाढला. बदकं पाण्यातून निघाली की अंग झटकून कोरडी. याच्या पंखांत मात्र पाणी मुरायचं, मग उन्हात वाळवत बसावं लागायचं. "का गा, तुले देव तेल द्याचं इसरला का?" बदकं विचारायची. शेवटी त्यानं पाण्यात उतरणंच सोडलं. एका उन्हाळ्यात तलाव आटला, काठची मासळी संपली, उरली ती मधल्या डोहात. भुकेपोटी त्यानं बुडी मारली. बदकांना पंखांतली हवा वर आणायची. हा भिजल्या पंखांनी सरळ तळाला गेला आणि चोचीत मासा धरूनच वर आला.

पाणकावळ्याचे पंख खरोखरच भिजतात आणि त्यानंच त्याला बुडी सोपी जाते, हे मी पुढे वाचलं. बाईंनी गोष्ट किती विचारानं रचली होती!

तात्पर्य त्यांनी सांगितलं नाही. स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला सावकार केलं. पहिलं वाक्य फेकलं आणि मैदानातली सगळी कलकल थांबली. आपल्याला काय करायचंय, ते त्याच रात्री ठरलं.

बाबांना वाटायचं, पोरानं पोलीस भरतीला जावं. धानाच्या भरवशावर घर चालवणाऱ्या माणसाला बांधला पगारच दिसणार, त्यांचं काही चुकत नव्हतं. मी वडशाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या नाटक कंपन्यांच्या गावी, गेलो. नाटक कंपनीत आधी पडदे ओढले, मग खलनायक झालो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की आम्ही गावोगावी. कुठे शंकरपट असला की दिवसा बैल पळतात आणि रात्रभर नाटक. 2023 साली झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीच्या, नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण स्वतः भिंतीला लावलं.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेला माझी एकच विनंती आहे. स्नेहसंमेलनात नाच होऊ द्या, पण एक नाटकही बसवा. संवाद मी शिकवीन, मानधन नको. रोवणी आटोपली की दिवाळीपर्यंत मी मोकळा असतो; तेवढ्यात दोन अंकी नाटक सहज उभं राहतं.