बेओवुल्फ व्यक्तिकोश: ड्रॅगनच्या भागापर्यंतची प्रगती

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यातल्या पात्रांचा हा कोश. त्याच्या 3182 ओळींपैकी 2199व्या ओळीपर्यंतची कार्डं तयार आहेत. म्हणजे ग्रेंडेल हा राक्षस, त्याची आई आणि नायक बेओवुल्फचं गेआटांच्या, म्हणजे त्याच्या लोकांच्या, देशात परतणं एवढं उरकलं. आता ड्रॅगनचा भाग चालू आहे. ड्रॅगन सोपा आहे हो, छळतात ते स्वीडिश राजे.

आधी कार्डाचा साचा, कारण मधूनच सुरुवात करणाऱ्यांना तो लागतोच. वर नाव, त्याखाली वडिलांचं नाव, मग घराणं, मग ओळींचे आकडे, आणि प्रत्येक आकड्यासमोर ते कोण सांगतंय याची नोंद. वडिलांचं नाव गाळायचं नाही. शाळेच्या दाखल्यावर ते जसं लागतंच, तसं इथेही. कवी पुष्कळदा पात्राचं नाव घेतच नाही. ‘एजथेओचा मुलगा’ म्हणजे बेओवुल्फ, ‘एजलाफचा मुलगा’ म्हणजे उनफर्थ, ‘वेओहस्तानचा मुलगा’ म्हणजे विग्लाफ, ‘बेआनस्तानचा मुलगा’ म्हणजे ब्रेका. म्हणून वडिलांच्या नावांची एक उलटी सूची शेजारी हवी. डेन राजा हेआल्फडेनेच्या कार्डावर मात्र जागा मोकळी ठेवा. हेओरोगार, ह्रोथगार, हाल्गा हे मुलगे स्पष्ट आहेत, पण 62व्या ओळीत मुलीचा उल्लेख येतो तिथेच मजकूर तुटला आहे. तिचं नाव गेलं, नवऱ्याच्या नावाचं फक्त शेपूट उरलं. संपादक तिथे स्वीडिश राजा ओनेला भरतात. तो पेन्सिलने लिहा.

संगणकावर सूची करणाऱ्यांची नेहमीची तक्रार: शोध घेतला की अर्धेच उल्लेख सापडतात. याला कारणं दोन. थॉर्न (þ) आणि एद (ð) ही ‘थ’सारख्या ध्वनीची जुनी अक्षरं लेखनिक एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, त्यामुळे ह्रोथगार दोन तऱ्हांनी लिहिलेला मिळतो. शोधासाठी वेगळा रकाना करून त्यात सगळे एद थॉर्नमध्ये बदलून घ्या. मूळ रूपाच्या रकान्याला हात लावू नका. दुसरं कारण हस्तलिखितात आहे. ते दोघांनी लिहिलं आहे आणि 1939व्या ओळीत हात बदलतो. त्यानंतर बेओवुल्फ बऱ्याच ठिकाणी ‘बिओवुल्फ’ होतो. शोध दोन्ही रूपांचा घ्या. 18 आणि 53 या ओळींमधला बेओवुल्फ तर वेगळाच आहे. तो श्यिल्डचा मुलगा, डेन. त्याला स्वतंत्र कार्ड.

आद्याक्षराची युक्ती पुष्कळ कामाला येते. या काव्यात ओळीचे दोन अर्धे आद्यध्वनीच्या अनुप्रासाने जोडलेले असतात, आणि राजघराण्यांतली नावंही तशीच जुळवलेली आहेत. कोणताही स्वर कोणत्याही स्वराशी जुळतो. स्वीडिश घराणं स्वरांचं: ओंगेनथेओ, ओहथेरे, ओनेला, एआनमुंड, एआडगिल्स. वॅगमुंडिंग घराण्यात वेओहस्तान आणि विग्लाफ. घोळ होतो ‘ह’मध्ये, कारण डेन राजेही ‘ह’चे आणि ह्रेथेल, हेरेबेआल्ड, हॅथकिन, हिगेलाक, हेआर्डरेड हे गेआट राजघराण्यातलेही ‘ह’चेच. तिथे वडिलांचं नाव पाहिल्याशिवाय कार्ड लावू नका. उनफर्थ हस्तलिखितात दरवेळी ‘हुनफर्थ’ आहे, पण 499व्या ओळीत तो एजलाफशी जुळायला हवा. म्हणून संपादक ‘ह’ काढतात. कार्डावर दोन्ही रूपं असू द्या.

आता स्वीडिश युद्धं. काव्यात ती 2379–2396, 2472–2489, 2611–2619 आणि 2922–2998 अशा तुकड्यांत येतात. पहिला तुकडा कवी सांगतो, दुसरा खुद्द बेओवुल्फ, आणि शेवटचा त्याच्या मृत्यूनंतर आलेला निरोप्या. काळाचा क्रम यापेक्षा निराळा आहे. हॅथकिनच्या बाणाने चुकून भाऊ हेरेबेआल्ड मरतो (2435–2440). मारणारा आणि मेलेला दोघेही ह्रेथेलचेच मुलगे, त्यामुळे वेरगिल्ड, म्हणजे खुनाची भरपाई, मागायची कोणाकडे? ह्रेथेल झुरून मरतो. मग स्वीडिश हल्ले. ह्रेफ्नावुडुच्या जंगलात ओंगेनथेओ हॅथकिनला मारतो, हिगेलाकची फौज येते, वुल्फ हा गेआट योद्धा जखमी होतो आणि त्याचा भाऊ एओफोर म्हाताऱ्या राजाला संपवतो. बक्षीस म्हणून त्याला हिगेलाकची एकुलती एक मुलगी मिळते. नंतर हिगेलाक फ्रिसियात पडतो. ही स्वारी तूरचा बिशप ग्रेगरी याच्या इतिहासातही आहे आणि ती इ.स. 521च्या आसपासची मानतात. काव्यातल्या कालगणनेला तेवढाच खुंटा.

पुढे ओहथेरेचे मुलगे एआनमुंड आणि एआडगिल्स गेआटांकडे आश्रयाला येतात. त्याचा राग धरून त्यांचा काका ओनेला हेआर्डरेडला मारतो. एआनमुंडला मारणारा वेओहस्तान, आणि मेलेल्याची तलवार त्याच्याकडेच राहते. तीच विग्लाफच्या हातात येते, तीच घेऊन तो ड्रॅगनपुढे उभा राहतो. 2603व्या ओळीत तर त्याला स्किल्फिंगांचा, म्हणजे स्वीडिशांचा सरदार म्हटलं आहे. त्यामुळे विग्लाफच्या कार्डावर घराण्याच्या जागी दोन नोंदी हव्यात. एकच लिहिली की पुढचा निरोप्याचा इशारा, स्वीडिश आता चालून येतील हा, अधांतरी राहतो.

2390व्या ओळीतलं ‘तो चांगला राजा होता’ कोणाच्या नावावर टाकायचं यावर दोन मतं आहेत: ओनेला की बेओवुल्फ. आम्ही दोन्ही कार्डांवर टाकलं आहे.

संज्ञांपैकी ‘आगलॅका’ला ‘राक्षस’ लिहून मोकळं होऊ नका. 2592व्या ओळीत तो शब्द बेओवुल्फ आणि ड्रॅगन दोघांना मिळून आहे. ‘दरारा वाटावा असा लढवय्या’ चालतं. ह्रुंटिंग, नॅगलिंग या तलवारींना पात्रांसारखीच कार्डं द्या, मालकांच्या नावांसकट.

मागच्या भागातलं फिन्सबुर्खच्या लढाईचं प्रकरण (1063–1159) अजून अडकलं आहे. तिथे ‘एओटेना’ हे रूप येतं. ते जूट लोकांसाठी की दैत्यांसाठी यावर त्या लढाईतल्या डेनांच्या तुकडीचा म्होरक्या हेंगेस्ट याचं कार्ड अवलंबून आहे. 1072, 1088, 1141 आणि 1145 या चारही ओळी शेजारी मांडून पाहायच्या आहेत. कोणाकडे तयार असतील तर पाठवा.