कोकमच्या तेलाला स्वतःचं नाव मिळायला लागलेले ७१ दिवस

६ फेब्रुवारीला लॅबमध्ये तेलाचा नमुना दिला आणि बरोबर रिपोर्ट हातात पडला १८ एप्रिलला. तेलात काडीची खोट नव्हती. घोळ सगळा नावाचा होता, आणि अजून आठवलं की डोकं तापतं.

माझं गाव कुडाळजवळ. आत्याकडे मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून आमसुलं घालतात, बिया उरतात. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेलं तेल काढायचं आणि थिजायला लागलं की मुठीत दाबून गोळे करायचे. म्हणूनच त्याला मुठेल म्हणतात. आत्याने केलेल्या गोळ्यावर तिच्या चार बोटांचे खळगे स्पष्ट दिसतात. थंडीत तिने आमच्या टाचांना हेच चोळलं. या तेलाचं मॉइश्चरायझर विकायचं मी ठरवलं, कारण यासाठी एकही जास्तीचं फळ काढावं लागत नाही. आमसुलं होतातच, बी एरवी उकिरड्यावर जाते.

विकायचं तर परवाना लागतो. स्वतःचा कारखाना नसेल तर दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात माल करून घेता येतो, त्याला लोन लायसन्स म्हणतात. २०२०च्या कॉस्मेटिक्स रूल्समध्ये त्याचा अर्ज सीओएस-६ आणि परवाना सीओएस-९. अर्ज, फी, करारनामा हे सगळं सुरळीत झालं. पण कारखानदाराने एकच अट घातली, ती रास्तही होती: कच्च्या मालाचा तपासणी रिपोर्ट असल्याशिवाय तेल आत घेणार नाही.

मी एका खासगी लॅबमध्ये नमुना दिला. पाकिटावर मराठीत ‘कोकम तेल’ लिहिलं, ही माझी चूक. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. वर ठळक नाव : ‘कोको बटर’. फोन केला तर पलीकडून प्रश्न, “मॅडम, दोन्ही एकच ना?” एक परदेशी चॉकलेटचं झाड, दुसरं आमच्या परसातलं! त्यांच्या संगणकातल्या यादीत कोकम नव्हतंच, म्हणून जवळचं नाव निवडलं होतं. दुसरा रिपोर्ट आला तेव्हा ‘कोकम बटर’ झालं होतं, पण खाली शास्त्रीय नाव ‘थिओब्रोमा ककाव’ तसंच. कारखानदाराने तो परत केला. तिसऱ्या वेळी नाव बरोबर आलं, पण नमुन्याची नव्याने नोंद केल्यामुळे बॅच नंबर बदलला होता. माझ्या डब्यावर एक, कागदावर दुसरा. पुन्हा परत. मधल्या काळात फोन करायचा, धरून राहायचं, “सर जेवायला गेलेत” ऐकायचं, हेच चाललं होतं. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, “नाव बदाललां म्हणून झाड बदालता काय गो?” झाड बदलत नव्हतं, माझं काम मात्र अडलं होतं.

शेवटी मी स्वतः गेले. डब्यात मुठेलाचे दोन गोळे, मूठभर बिया. तिथल्या तरुण केमिस्टने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यासमोर वितळबिंदू पुन्हा काढला. कोको बटर साधारण ३४ अंशाला वितळतं. आमचं ४०च्या आसपास जाईपर्यंत घट्ट. त्याने नळी वर धरून मला दाखवली. मग शेजारी बसून डब्यावरचाच बॅच नंबर आणि कोकमाचं शास्त्रीय नाव एकेक अक्षर टाइप करून घेतलं : गार्सिनिया इंडिका. त्या मुलाचे आभार मानावे तेवढे थोडे.

तुम्ही या वाटेने जाणार असाल तर नमुन्यावर पहिल्यापासून शास्त्रीय नाव आणि बॅच नंबर लिहा, आणि त्याच बॅचमधला थोडा माल सीलबंद करून घरी ठेवा. बिया पावसाआधी खणखणीत वाळलेल्या हव्यात. ओल राहिली की तेलाचा आम्लांक, म्हणजे त्यातल्या मोकळ्या आम्लांचं प्रमाण, चढतो. मी वहीत कुणाच्या परसातल्या किती किलो आणि कधी आल्या ते लिहिते. आणखी एक, लेबलवर ‘भेगा बऱ्या होतात’ लिहू नका. मी लिहिलं होतं, ते काढावं लागलं, कारण बरं करण्याचा दावा केला की ते औषधात मोडतं. ‘त्वचा मऊ राहते’ चालतं. ते खरंही आहे : तेलात पाणी नसतं, ते त्वचेतलं पाणी उडू देत नाही. म्हणून आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगते.

अरे हो, शेजाऱ्यांना नर झाडं सरसकट तोडू देऊ नका. कोकमाची नर-मादी झाडं वेगळी असतात. फळं धरत नाहीत म्हणून नरावर कुऱ्हाड चालते, पण पराग त्यांचाच असतो.

यंदाच्या बिया आत्याच्या अंगणात वाळत पडल्यात. नमुन्याच्या पाकिटाचं लेबल मी आधीच छापून ठेवलंय.