द्वादशी बघून आक्षीला

अलिबागजवळच्या आक्षीचे किनारपक्षी नीट दिसायला मला दोन खेपा घालाव्या लागल्या. पहिली डिसेंबरातल्या पौर्णिमेची. शनिवार-रविवार जोडून आले होते, चांदण्यातला समुद्र बघायची हौस होती, म्हणून नागावच्या बाजूला एक रिसॉर्ट ठरवलं. जाहिरातीत पक्षीनिरीक्षणाचाही उल्लेख होता. प्रत्यक्षात रात्री साडेबारापर्यंत डीजे, आणि पहाटे चहा मागितला तर किचन आठला उघडतं असं उत्तर. मी आणि नवरा तसेच निघालो.

आम्हाला सवय जंगलातल्या पक्ष्यांची. उजाडताना जागेवर असायचं, एवढा एकच नियम ठाऊक. आक्षीच्या किनाऱ्यावर पोचलो तर समुद्र पार आत गेलेला. ओल्या वाळूच्या पलीकडे, पाण्याच्या कडेला, ठिपके हलत होते. दुर्बिणीतून ते पक्षी आहेत इतकंच कळायचं. चार पावलं पुढं गेलो की तेही तेवढेच पुढं सरकायचे. पाणी वर आलं ते दुपारी, आणि तोवर किनारा मोटारसायकलींनी आणि घोडागाड्यांनी भरून गेला होता. थवे यायचे, घिरटी घालायचे, टेकायला जागा न मिळता निघून जायचे. संध्याकाळी पुन्हा गेलो तर सूर्य समोर. सगळे पक्षी काळे.

जानेवारीत पुन्हा जायचं ठरवलं तेव्हा रिसॉर्टच्या वाटेला गेले नाही. ओळखीतून आक्षीतल्या एका वाडीतली घरगुती खोली मिळाली. फोनवर कारण सांगितलं तर काकांनी विचारलं, "तिथी कोणती धरलीय?" मी तारीख सांगितली. ते म्हणाले, "तारखेचं काय करू? तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते."

हा हिशेब इथल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा: सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि मध्ये बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी आम्ही उजाडताना गेलो तेव्हा ओहोटी नुकतीच संपली होती! मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण बेत आखायला पुरतो. पश्चिम किनाऱ्यावर सकाळी ऊन पाठीशी असतं, ते हवं. पाणी चढतं हवं, म्हणजे पक्षी आपल्या बाजूला रेटले जातात. नऊ-दहाच्या भरतीला दोन्ही जमतं. नऊ म्हणजे द्वादशी, पावणेदहा म्हणजे त्रयोदशी. शुद्ध असो की वद्य. आम्ही एकादशीला पोचून दोन रात्री राहायचं ठरवलं.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला तासाभरात उतरलो. बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा होता आणि लोक त्यांना कुरकुरे फेकत होते. कृपा करून हे करू नका. तळलेलं मीठमसाल्याचं खाणं त्या पक्ष्याचं अन्न नाही.

एकादशीला काकूंचा उपास. तरी आमच्यासाठी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली होती. पहाटेच्या चहाचं विचारायला मला संकोच वाटत होता, तर त्याच म्हणाल्या, "उद्या माझं पारणं. मी पाचला उठतेच. घावन खाऊनच जा." मुक्कामाची जागा निवडताना समुद्र खिडकीतून दिसतो का हे मी आता विचारत नाही. पहाटे कोण उठतं, ते विचारते.

सातला आम्ही सुरूच्या बनाखाली, एका ओढून ठेवलेल्या होडीच्या आडोशाला बसलो. पाणी निम्म्याच्या वर आलं होतं. पहिल्यांदा सँडरलिंग आले, तुतवारांतलीच एक जात, पांढुरके, लाटेच्या कडेने धावणारे. लाट मागं गेली की तिच्या मागोमाग, पुढं आली की तिच्या पुढं, आणि या येरझाऱ्यांत चोच सारखी वाळूत. मग चिखल्या. त्यांची चाल अगदी वेगळी: पाचसहा पावलं पळायचं, गपकन थांबायचं, बघायचं, टिपायचं. तुतवार चोचीने वाळू चाचपत जातो, चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की निम्मी ओळख पटते.

साडेआठला वाळूची पट्टी अरुंद झाली आणि ते सगळे आमच्यापासून तीसएक पावलांवर येऊन उभे राहिले. वाऱ्याकडे तोंड, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत. एक सँडप्लोव्हर, म्हणजे चिखल्यांतलाच एक, सगळ्यांत जवळ होता. मुठीत मावेल एवढा. वाऱ्याने छातीवरचं पीस उलटं व्हायचं, तो न बघता ते परत बसवायचा. पापणी मिटायची, पुन्हा अर्धी उघडायची. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या लहान सँडप्लोव्हरपैकी बरेच लडाख-तिबेटच्या पठारावर वाढतात. म्हणजे एवढासा जीव हिमालय ओलांडून या वाळूवर डुलकी काढत होता. मला दुर्बीण खाली ठेवावी लागली. डोळे भरून आले होते.

थव्याच्या टोकाला तीन कालवफोडे होते, काळेपांढरे, गाजरासारखी लालभडक चोच. वर समुद्रगरुड एकदा येऊन गेला, तेव्हा सगळ्यांनी एकच डोळा वर केला.

मग कुत्री आली. कुणीतरी हौसेने त्यांना थव्यावर सोडलं आणि मोबाईल धरून उभे राहिले. थवा उठला. छान दिसतं ते, खरंय. पण भरतीचे दोनतीन तास हीच त्यांची विश्रांती. ओहोटी लागली की पुन्हा खायला धावायचं, आणि उन्हाळ्याआधी हजारो किलोमीटर पुरेल एवढी चरबी अंगावर चढवायची. दर उड्डाणाला त्यातलाच साठा जळतो. मी जाऊन त्या मुलांना हे सांगितलं. ऐकलं त्यांनी. एकाने दुर्बीण मागितली आणि बराच वेळ परत दिली नाही.

दुपारी भर उन्हात किनाऱ्यावर काही नसतं. तेव्हा गावातला शके ९३४ चा मराठी शिलालेख पाहून घ्यावा. दुसऱ्या दिवशी परतताना वाकडी वाट करून किहीमला थांबलो. सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास तिथंच केला. आम्ही झाडाखाली दहा मिनिटं उभे राहिलो, एवढंच.

परवा काकूंना पुन्हा फोन केला. उत्तरेला परतण्याआधी सँडप्लोव्हरची छाती विटकरी तांबडी होते, तो रंग मला बघायचाय. "चैत्र शुद्ध द्वादशीला खोली मोकळी आहे का?" पलीकडे कालनिर्णयची पानं उलटल्याचा आवाज आला.

"आहे की. एकादशीला या, पारण्याला घावन करते."