जोहार, मायबाप

विळद घाट मागे पडला तेव्हा भुरभुर पाऊस सुरू झाला. आम्ही अकरा जण होतो. नगरहून हरेगावला, मतमाऊलीच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मरियेच्या यात्रेला पायी. अंतर 70 किलोमीटरच्या आसपास, तीन दिवसांचं. पुढे एकाच्या खांद्यावर क्रूस, मागे टाळ, आणि मधे आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय 71, पायात कापडी बूट. त्या दरसाल चालतात. मी पहिल्यांदाच.

मी नवस फेडायला निघाले होते. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून बोलले होते, याला वाचव, मी पायी येईन. मुलगा वाचला. आता कॉलेजात जातो. पायी जाणं मात्र नऊ वर्षं राहूनच गेलं. उधारी थकलेला माणूस किराणा दुकानासमोरून मान खाली घालून जातो, तशी मी त्या नऊ वर्षांत प्रार्थनेला बसायचे.

कृषी विद्यापीठाच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा हे आत्याबाईंना सांगितलं.

"म्हंजे देवाची उधारी चुकवायला निघाली व्हय तू?" त्या म्हणाल्या. "पोराला दवाखान्यातून घरी आणलं, तव्हा त्याच्याकडून काय घेतलं व्हतं?"

मी चहा पीत राहिले.

माझं माहेर प्रॉटेस्टंट, सासर कॅथलिक. पण देवापुढे वाकायची माझी रीत या दोन्हींहून जुनी आहे. माझे पणजोबा गावचे येसकर, म्हणजे वेस राखणारे महार. हातात घुंगरांची काठी, खांद्यावर घोंगडं. सांजेला दारोदार जाऊन उंबऱ्याच्या बाहेरून हाळी द्यायची, भाकर वाढा, माय. पाटलासमोर कमरेत वाकून म्हणायचं, जोहार, मायबाप. गावात कुणी मेलं की सांगावा घेऊन दहा कोस पळायचं, सरकारी माणूस आला की त्याचं ओझं वाहायचं. बाप्तिस्मा घेतला म्हणून यातलं काही सुटलं नाही. पोट त्याच भाकरतुकड्यावर होतं. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध, म्हणजे या पिढीजात गावचाकरीविरुद्ध, विधेयक आणलं होतं. ही वतनं खालसा करणारा कायदा झाला 1958 साली. तोवर पणजोबा गेले होते.

माझ्या वडिलांनी त्यांना पाहिलेलं. वडील सांगायचे, आजा रविवारी देवळात उभा राहून "हे आमच्या बापा" म्हणायचा ना, तेव्हा आवाज तोच असायचा. वाड्यासमोर "जोहार, मायबाप" म्हणतानाचा. कंबरही तितकीच वाकलेली. हे सांगताना ते हसत नसत.

आमच्या घरातली प्रार्थना तिथूनच आली. "आम्ही तुझे नालायक दास" हे शब्द मला आमच्या पित्याची प्रार्थना पाठ व्हायच्या आधीपासून पाठ आहेत. मायबाप हा शब्द आमच्या तोंडी होताच की. पण तो चाकराच्या तोंडचा होता.

राहुरी फॅक्टरी सोडून आत वळल्यावर रस्ता अरुंद झाला. दोन्हीकडे ऊस, मधेच कणसावर आलेली बाजरी, चपलेला चिकटणारी काळी माती. टाळ थांबले की डोक्यात बायबलातला उधळ्या पुत्राचा दाखला चालायचा, बापाची इस्टेट उडवून परत येणाऱ्या मुलाचा. डुकरांपाशी उपाशी बसलेला तो मुलगा घरी जाऊन काय बोलायचं ते आधीच घोकून ठेवतो. बाबा, मी पाप केलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही. मला तुमच्या एखाद्या गड्यासारखं ठेवा. पुढे बाप धावत येऊन गळ्यात पडतो, मुलगा बोलायला लागतो, पहिली दोन वाक्यं होतात. तिसरं, गड्यासारखं ठेवा हे, तो म्हणतच नाही. बाप मधेच अंगरखा, अंगठी आणि जोडे मागवतो. कितीदा वाचलं असेल, पण ते तिसरं वाक्य राहून गेल्याचं मला देवळाली प्रवराच्या बाजूला, पायाला फोड आलेला असताना ध्यानात आलं.

आणि थोरला भाऊ? तो तर घरातच राहिलेला. तरी बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली. मला त्याचा फार पुळका आला. मंडळीतल्या कामाधामात माझी तीसेक वर्षं त्याच्यासारखीच गेली आहेत.

बायबलातल्या पत्रांत प्रेषित पौल गलतीकरांना लिहितो की तू आता दास नाहीस, पुत्र आहेस, आणि पुत्र आहेस म्हणून वारस. रोमकरांना तो दत्तकपणाबद्दल लिहितो. दोन्ही पत्रांत त्यानं "अब्बा" ही येशूच्या बोलीतली बापाला मारायची हाक तशीच ठेवली आहे. आपल्या मराठी बायबलात या वारशासाठी शब्द आहे वतन. माझ्या पणजोबांचंही वतनच होतं, बापाकडून मुलाकडे आलेलं. त्यात मिळायची शिळी भाकर आणि वेठ. शब्द एकच. माझ्या वडिलांनी तो बायबलात वाचताना काय सोसलं असेल, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

दुसरा मुक्काम बेलापूरच्या अलीकडे, आत्याबाईंच्या मावसबहिणीच्या वस्तीवर. मी ओल्या पायांनी दाराशीच टेकले. कुणाच्याही घरी मी दाराशीच बसते. वडीलही तसेच बसायचे, लग्नघरातसुद्धा. मावशी आत या, आत या म्हणत होत्या. तेवढ्यात त्यांची नात बाहेरून पळत आली. पाच-सहा वर्षांची, पाय चिखलानं माखलेले. माझ्या बाजूनं उडी मारून ती थेट चुलीपाशी गेली, टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं, भाकरी मोडली आणि खात खात परत बाहेर. कुणाला विचारलं नाही. कुणी विचारलंही नाही. मावशी फक्त ओरडल्या, "अगं, पाय तरी धू!"

मी त्या टोपल्याकडे बघत राहिले. पणजोबांची भाकरीही अशाच टोपल्यातून आली असेल.

रात्री आत्याबाईंच्या पायाला तेल चोळताना म्हटलं, पण मतमाऊलीसुद्धा स्वतःला प्रभूची दासीच म्हणाली ना? पौलही पत्राच्या सुरुवातीला स्वतःला ख्रिस्ताचा दासच म्हणवतो. आत्याबाई डोळे मिटून होत्या. "म्हणाली की. पण घाबरून नाही म्हणाली. आधी देवदूताला विचारलं, हे कसं व्हईल? गडीमाणूस मालकाला असं विचारतो का?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मीबी घरात राबते. मला कुणी मोलकरीण म्हणून बघावं बरं."

तिसऱ्या दिवशी बेलापूरला प्रवरा ओलांडली. श्रीरामपूर सोडलं तसा रस्ता माणसांनी भरत गेला. ट्रॅक्टर, टेम्पो, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बाया, अनवाणी चालणारे तरुण. हरेगावचा साखर कारखाना कधीचा बंद आहे, पण मतमाऊलीच्या जन्मोत्सवाला, सप्टेंबरात, गाव ओसंडून वाहतं. मूर्तीपाशी पोचायला फार वेळ लागला. नऊ वर्षं घोकलेलं वाक्य तयार होतं. हे माते, प्रभूच्या पायाशी माझा नवस पोचता कर, या दासीला क्षमा कर. मागून रेटा आला, स्वयंसेवक म्हणाला, ताई पुढे चला. "बाबा," एवढंच तोंडून निघालं. मुलाचं नाव घेतलं. मग मी खरंच पुढे सरकले.

मिस्सा झाल्यावर मैदानाच्या कडेला सगळे बसले. आत्याबाईंनी बोचकं सोडलं. बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. त्या कुणाशी तरी बोलत होत्या, पाठ माझ्याकडे. मी हात घातला, अर्धी भाकरी मोडली आणि खायला लागले. त्यांनी वळून पाहिलं नाही. बोलता बोलताच ठेच्याची डबी माझ्याकडे सरकवली.